उजव्या गुडघ्यापाशी एक दिवा

ताई, बी-कॉम्प्लेक्सच्या बाटलीत बी-कॉम्प्लेक्स नव्हतं.

तुला जाऊन तास झाला नव्हता तेव्हा हे मला उल्हासनगरच्या इस्पितळात कळलं. डॉक्टरांनी विचारलं, "पेशंटला कुठल्या गोळ्या चालू होत्या?" मी म्हणालो, "तशा काही नाही. जेवणानंतर बी-कॉम्प्लेक्स घेते रोज." त्यांनी विचारलं, किती दिवसांपासून. दोन-अडीच वर्षं झाली असतील, मी म्हणालो. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "ती बाटली घेऊन येता?"

मी रिक्षाने अंबरनाथला आलो, फ्रिजवरची तपकिरी बाटली उचलली आणि तीच रिक्षा परत फिरवली. एवढ्या रस्त्यात मला झाकण उघडून बघायचं सुचलं नाही. बाटली हातात घट्ट धरून बसलो होतो, जणू ती पोचवली की तू उठून बसणार होतीस. डॉक्टरांनी गोळ्या तळहातावर ओतल्या. दोन प्रकारच्या निघाल्या, दोन्ही पांढऱ्या. "ह्या हृदयाच्या आहेत," ते म्हणाले. "बी-कॉम्प्लेक्स पिवळट असते, तिला वास येतो. तुम्ही एकदाही हुंगली नाहीत?"

नाही हुंगली. मी लेबल वाचलं होतं. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. माझा सगळा जन्म लेबलांवर विश्वास ठेवण्यात गेला.

मग तुझ्या पर्समध्ये चौपदरी घडी घातलेला कागद सापडला. लहानपणी तुला सांधे धरून महिनाभर ताप आला होता, त्यात हृदयाची एक झडप खराब झाली होती, ती आता अरुंद होत चालली आहे, ऑपरेशन करून घ्यावं. अडीच वर्षांपूर्वीचा कागद. घडीच्या जागी झिजून फाटायला आलेला, म्हणजे तू तो बऱ्याचदा उघडून वाचला असणार. माझ्या शेजारच्या खोलीत बसून वाचला असणार.

मी रागावलो आहे, ताई. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज व्हायला नको.

परवा विहारात तुझं पुण्यानुमोदन झालं. त्रिशरण-पंचशील झालं, मग एकेकजण बोलायला उठला. तुझ्या कारखान्यातल्या साहेबांनी सांगितलं की तू लॅबमध्ये होतीस तोवर चुकीचा रिपोर्ट कधी बाहेर गेला नाही. बदलापूरची आत्या म्हणाली, "माझी शालू कुणाला त्रास न देता गेली गं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी सतरंजीच्या कडेला बसलो होतो. मला उठून सांगायचं होतं की ही बाई खोटारडी होती. अडीच वर्षं रोज रात्री जेवण झाल्यावर माझ्यासमोर, पाण्याच्या घोटाबरोबर खोटं बोलत होती. पण तू मला ओळखतेस. मी उठलो नाही. सतरंजीचा एक सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत बसलो.

तुझ्या लॅबमधल्या एका सहायकाने एकदा आम्लाची बाटली भरून तिच्यावर दुसऱ्याच द्रावणाचं लेबल राहू दिलं होतं. घरी येऊन तू जेवलीसही नाहीस इतकी संतापली होतीस. "अरे सुध्या, बाटली रिकामी असली तरी चालेल, फुटली तरी चालेल. पण लेबल खोटं? पुढचा माणूस त्याच्यावर विसंबून हात घालतो." पुढचा माणूस मी होतो, ताई. मी विसंबलो होतो.

तू पंधरा वर्षं एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात तपासणी करायचीस. काचेच्या नळीतून थेंब थेंब सोडत रंग पालटतो तो आकडा टिपायचा, मग नळी धुऊन पुन्हा पहिल्यापासून, मग पुन्हा. तीनदा एकच आकडा आला तर तो खरा. एकदा आलेला आकडा तू कागदावर लिहायचीस, पण त्याला आकडा म्हणायची नाहीस. हा नियम तू घरातही लावायचीस. डाळ खारट झाली म्हटलं तर, "कालही वाटली होती का? परवा? मग गप जेव." मला तुझ्या ह्या नियमाचा वैताग यायचा. आज त्याच्याच आधाराने तुझ्याशी भांडणार आहे.

त्यासाठी गाडीपासून सुरुवात करावी लागेल.

उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या एका कापडवाल्याची जुनी आकाशी गाडी तू घेतलीस, त्याला आता सात वर्षं झाली. आपल्या आळीत बाई गाडी चालवते हे लोकांना नवीन होतं. शेजारच्या काकू पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "शालूताई, गाडी आणलीस, आता नवरा आण." तू बॉनेट पुसत म्हणालीस, "काकू, गाडीला नुसतं पेट्रोल लागतं. नवऱ्याला दोन वेळा भाजी-भाकरी." काकू आठवडाभर सगळ्यांना हे सांगत होत्या. सकाळी मला कॉलेजवर सोडून तू कारखान्यात जायचीस. मी शेजारी बसून वाचायचो. गाडीत वाचून डोकं दुखत नाही असा मी आपल्या घरात एकटाच.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बदलापूरहून येताना फाटकाशी थांबलो होतो. इंजिन चालू होतं. तू एकदम म्हणालीस, "हे काय?" मी पुस्तकातून वर पाहिलं. समोरच्या पट्टीवर, वेगाच्या काट्याच्या खाली, हरभऱ्याएवढा लाल दिवा लागला होता. फाटक उघडलं, तू गाडी पळवली, दिवा विझला. पुढच्या चौकात थांबलो, पुन्हा लागला.  तो दिवा इंजिनातल्या तेलाचा दाब सांगतो, दाब पडला की पेटतो, आणि दाब खरोखर पडला असेल तर इंजिन आतल्या आत घासून संपतं, एवढं तू मला उतरताना समजावलंस. मी म्हणालो, "असेल काहीतरी." ह्या दोन शब्दांवर तू किती चिडायचीस!

टेकूभाई तेव्हा आपल्या आयुष्यात आला. कॅम्प चारला बराकींच्या मागे त्याचं गॅरेज, म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि एक खड्डा. तो तुला पहिल्या दिवसापासून अदी म्हणायचा. सिंधीत बहिणीला म्हणतात तसं. त्याने आत डोकावून बघितलं, हात पुसले आणि म्हणाला, "अदी, पुरानी गाडी है. बल्ब निकाल देता हूं. बत्ती गुल, टेन्शन गुल."

तू म्हणालीस, "टेकूभाई, माझ्या लॅबमध्ये माल खराब निघाला आणि मी रिपोर्टच फाडून टाकला, तर मला पगार कशाचा देणार?"

"साईं, ये तो वकील है," तो मला म्हणाला.

"वकील नहीं. बहन है," मी म्हणालो. "ज्यादा खतरनाक." तुम्ही दोघंही हसलात. माझ्या विनोदाला कुणी हसण्याचे प्रसंग थोडे, म्हणून लक्षात राहिला.

मग तुझी तपासणी सुरू झाली. तुझी पद्धत अशी की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि तीन रविवार बघायचं. रविवार का, तर तेव्हा सकाळी टीव्हीवर ती पौराणिक मालिका लागायची आणि सगळा गाव अंघोळ करून पडद्यासमोर बसायचा. अंबरनाथ ते बदलापूर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसायचं. फाटकाशी, चौकात, चढावर, तुला हवं तिथे गाडी थांबवता यायची. मागे कुणी भोंगा वाजवायला नाही. तू दिव्याकडे बघायचीस आणि म्हणायचीस, "फाटक. इंजिन गरम. दिवा लागला. लिहून घे." मी वहीत लिहायचो. "चढ. दिवा नाही. लिहून घे." मी लिहायचो. माझं अक्षर चांगलं आहे म्हणून ते काम माझ्याकडे. दोन ओळींच्या मध्ये मी माझं पुस्तक वाचून घ्यायचो.

पहिले तीन रविवार तेलाची पातळी. मग तेल बदलून जाड तेल. मग इंजिनाला लावलेला तो पितळी खटका, ज्याच्यामुळे दिवा लागतो, तो नवा. मग त्या खटक्यापासून दिव्यापर्यंतची तार. ती कुठे सोलून पत्र्याला टेकली असेल तर दिवा खोटा लागतो. मध्ये पावसाळा गेला, मग रस्ते वाळेपर्यंत नुसती वाट. दिवा कधी लागायचा, कधी नाही. एका रविवारी सबंध रस्ताभर लागला नाही, आणि तू आनंदी व्हायच्या ऐवजी आणखीच अस्वस्थ झालीस. आठ महिने झाले. आपण कुठेही जात नव्हतो, कारण गाडीचं निदान झालं नव्हतं. कर्जतला जायचं राहिलं. माझ्या मित्राच्या घरचं जेवण राहिलं.

एका रविवारी मी वही मिटली. "सगळं एकदम बदलून टाक ना, ताई. पंप, खटका, तार. एका दिवसात."

"मग नेमकं काय बिघडलं होतं ते कसं कळणार?"

"कशाला कळायला हवं?"

तू माझ्याकडे बघितलंस. ते बघणं मला अजून दिसतं. राग नव्हता त्यात. तू मला एखाद्या नळीसारखं डोळ्यांच्या रेषेत धरून आकडा वाचत होतीस. मग म्हणालीस, "तुला खरंच कळून घ्यायचं नसतं का रे?" मी पुस्तक उघडलं. आपलं भांडण तिथेच राहिलं. मला वाटायचं राहिलं आहे तर राहू दे, पुढे कधीतरी पुरं करू.

त्याच आठवड्यात आत्याचा निरोप आला, नातवाचं नाव ठेवायचं आहे, रविवारी या. तू म्हणालीस बघू, तारेचा तिसरा रविवार आहे. मला इतका संताप आला म्हणून सांगू! मला एक साधा रविवार हवा होता. बहीण गाडी चालवते आहे, भाऊ शेजारी बसला आहे, दोघं आत्याकडे शिरा-पुरी खायला चालले आहेत, आणि मध्ये तो लाल डोळा नाही. शनिवारी तू दुपारच्या पाळीला रिक्षाने गेलीस; निदान होईपर्यंत गाडी फक्त रविवारी निघायची. मी गाडीत माझ्याच जागी बसलो, वाकून पट्टीच्या मागे हात घातला. तू तार तपासताना मी टॉर्च धरून उभा असायचो, त्यामुळे कुठे काय आहे ते मला ठाऊक होतं. दिव्याची टोपी ओढली, आतला बल्ब काढला, टोपी परत बसवली. बल्ब सोमवारी मी कॉलेजात नेला आणि कार्डांच्या कपाटात 'ळ'च्या खणात ठेवला. तो खण नेहमी रिकामा असतो. मराठीत ळ-ने सुरू होणारं पुस्तक अजून मला सापडलेलं नाही.

पण रविवार. रविवारी सकाळी तू किल्ली फिरवलीस आणि एक क्षण थांबलीस. तुझा हात किल्लीवर होता. मी खिडकीबाहेर बघत होतो. मग तू इंजिन चालू केलंस. फाटकाशी थांबलो. मी वही उघडली. तू पट्टीकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "अरे वा. नाही लागला."

"लिहून घेऊ?"

"घे की."

आत्याकडे तू किती हसलीस त्या दिवशी. बाळाला मांडीवर घेऊन त्याला गाडीचा आवाज काढून दाखवत होतीस. येताना तू वही माझ्या हातातून घेऊन मागच्या सीटवर टाकलीस आणि म्हणालीस, "संपलं, सुध्या. तारच असणार. आता तू वाच निवांत." पुढची सहा वर्षं मी निवांत वाचलं. थोडी टोचणी होती. ती मी अशी घालवायचो की बघा, काही झालं नाही, इंजिन चालतंय, म्हणजे दिवाच खोटा होता. थोडा अभिमानसुद्धा होता, आता कबूल करतो. तुझ्यासारखीला मी फसवलं आणि त्यात तिचंच भलं झालं, असा.

काल टेकूभाई आला. पांढरा लेंगा-सदरा घालून, हातात डाळिंबांची पिशवी. आता त्याला गुडघ्यांचा त्रास आहे, खड्ड्यात उतरत नाही. बाहेर उभ्या गाडीला हात लावून मग आत आला. तुला कामावरून इस्पितळात नेलं त्या दिवशी संध्याकाळी कारखान्याच्या माणसाने आणून लावली, तेव्हापासून ती तशीच उभी आहे. तो तुझ्या फोटोसमोर बराच वेळ बसला. चहा घेतला. मग मी सहा वर्षांत पहिल्यांदा ते कुणाला तरी सांगितलं. म्हणालो, "टेकूभाई, वो बल्ब मैंने निकाला था."

"मालूम है," तो म्हणाला.

मला वाटलं त्याने ऐकलं नाही नीट. "लाल बत्ती का बल्ब. मैंने निकाला, अदी को पता नहीं चला."

तो माझ्याकडे असा बघत राहिला की मला लहान झाल्यासारखं वाटलं. "साईं, तुम इतना पढा-लिखा आदमी. चाबी घुमाओ, इंजन चालू होने से पहले लाल बत्ती जलती है. जलनी ही चाहिए. तभी तो पता चलता है बल्ब जिंदा है. जिस दिन चाबी घुमाई और बत्ती नहीं जली, उसी दिन अदी को पता चल गया. पहले ही दिन."

आठ महिने, ताई. आठ महिने दर रविवारी किल्ली फिरवल्यावर तो दिवा आधी लागायचा आणि इंजिन धरलं की विझायचा. मी शेजारी बसून ते पाहत होतो आणि माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. माझ्या लेखी लाल म्हणजे वाईट, विझलेला म्हणजे चांगला. तुझा हात किल्लीवर एक क्षण थांबला होता. त्या एका क्षणात तू सगळं वाचलंस, आणि नंतर दिवसभर हसलीस.

टेकूभाईने पुढचं सांगितलं. तू एक दिवस रजा टाकून, मला कॉलेजवर सोडून, गाडी त्याच्याकडे नेलीस. म्हणालीस आता खालून उघडू. दोघांनी इंजिनाखालचं तेलाचं भांडं काढलं. तेल ओढणाऱ्या पंपाच्या तोंडाशी जाळी असते. पूर्वीच्या कुठल्या तरी मेकॅनिकने भांडं बसवताना इतका गोंद थापला होता की त्याचे वाळलेले तुकडे तेलात पडले होते. गाडी चालली की ते जाळीला चिकटायचे आणि तेल अडायचं. गाडी उभी राहून थंड झाली की गळून तळाशी बसायचे. म्हणून कधी दिवा, कधी नाही. म्हणजे दिवा आठही महिने खरं बोलत होता. "अदी ने वो टुकडे कागज में बांध के लिए," टेकूभाई म्हणाला. "इतनी खुश थी, जैसे सोना मिला."

आणि ती खुशी तू मला सांगितली नाहीस. आठ महिने मी ज्या तपासणीची वही लिहिली, तिचं उत्तर मला सांगितलं नाहीस. तो कागद कुठे आहे, ताई? मी काल सगळी कपाटं उपसली.

"मैंने बोला, बल्ब नया डाल दूं?" टेकूभाई सांगत होता. "बोली, वहां नहीं. नीचे डालो, दरवाजे की तरफ, मेरे घुटने के पास. सिर्फ मुझे दिखे."  मग खाली बघत म्हणाला, "बोली, मेरे भाई से बत्ती देखी नहीं जाती."

त्यानंतर तो काय बोलला ते मी ऐकलं नाही.

मेरे भाई से बत्ती देखी नहीं जाती. हे तू सहा वर्षांपूर्वी एका मेकॅनिकला सांगितलंस. अडीच वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तुला तो कागद दिला तेव्हा तुला दुसऱ्या कुणाला विचारायची गरज पडली नाही. तुझ्याकडे माझा आकडा होता. माझ्यासाठी पट्टीवरचा दिवा काढून ठेवायचा, स्वतःसाठी खाली गुडघ्याशी लावायचा. माझ्यासाठी बाटलीवर बी-कॉम्प्लेक्स, स्वतःसाठी पर्समध्ये कागद. गाडीत जे केलंस तेच घरात केलंस. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबून तू मला कपाटातली धूळ, काकूंची मांजर, काहीही दाखवायचीस. मी बघायचो. तू श्वास घेत होतीस.

आता ऐक. आपलं राहिलेलं भांडण इथे पुरं करतो.

माझी चूक झाली. मी भित्रा आहे, हेही खरं. तू सांगितलं असतंस तर मी पहिले आठ दिवस जेवलो नसतो, तुला जिन्यावर हात धरून चढवलं असतं, तुझ्या मागे मागे फिरून तुला जीव नकोसा केला असता. गाडी चालवू दिली नसती. हे सगळं तू ओळखलंस ते बरोबर ओळखलंस. पण नववा दिवस आला असता, ताई. नवव्या दिवशी मी वही काढली असती. मुंबईतल्या इस्पितळांचे पत्ते, डॉक्टरांची नावं, कुठे किती दिवस थांबायचं, सगळं लिहून काढलं असतं. मला दुसरं येतं काय? तुझ्या उशाशी बसून तू सांगशील ते चांगल्या अक्षरात लिहिलं असतं. किंवा नसतंही जमलं मला. नसतंही जमलं. पण ते बघायचं तरी होतंस! तू एकदा बघितलंस. एका शनिवारी दुपारी, एका नामकरणासाठी, एका बल्बावरून तू माझ्याबद्दल निष्कर्ष काढलास आणि वही मिटलीस. डाळीतल्या मिठाला तू तीन दिवस द्यायचीस. भावाला एकच दिलास.

पुण्यानुमोदनात सगळे सांगत होते की तुझ्या हातून चुकीचा रिपोर्ट कधी गेला नाही. एक गेला. माझा.

मी हे लिहिताना मधेमधे थांबतो. कारण मग मला तो फाटकावरचा रविवार आठवतो. तू दिवा नसलेल्या पट्टीकडे बघितलंस, दाब पडला की नाही हे कळायचं तुझं साधन मी काढून घेतलं होतं, आणि तू मला त्या गाडीत बसवून बदलापूरला नेलंस, आणलंस, कारण मला शिरा-पुरी खायची होती. रस्ताभर तू इंजिनाचा आवाज ऐकत असणार. बाळाला तो आवाज काढून दाखवत होतीस तेव्हासुद्धा तोच तुझ्या कानात असणार. माझ्यावर इतकी माया कुणी केली नाही. आणि ह्याच गोष्टीचा मला सगळ्यात जास्त राग आहे. असली माया मी मागितली नव्हती. मी फार तर एक शिवी मागितली असती. "सुध्या, गाढवा, बल्ब कुठे ठेवलास?" एवढं विचारायचं होतंस, मी ळ-चा खण उघडून आणून दिला असता.

आज मी कॉलेजात गेलो. सुट्टीवर आहे, तरी गेलो. खण उघडला. बल्ब तिथेच होता, कापसात. मी खिशात घालून घरी आलो आणि तुझ्या जागेवर बसलो. मला गाडी येत नाही, त्यामुळे सहा-सात वर्षांत ह्या बाजूला पहिल्यांदाच बसलो. सीट पुढे ओढलेली आहे. माझे पाय दुमडतात. पट्टीच्या मागे हात घातला, टोपी ओढली, बल्ब बसवला. तो उडालेला असेल असं वाटलं होतं. दुपारचे चार वाजले होते, काकू त्यांच्या ओट्यावरून बघत होत्या.

मी किल्ली फिरवली. इंजिन चालू केलं नाही. मला येतही नाही. समोर लाल दिवा लागला. मग मी वाकलो. स्टीअरिंगच्या खाली, दाराच्या बाजूला, जिथे तुझा उजवा गुडघा यायचा, तिथे तांदळाच्या दाण्याएवढा दुसरा दिवा लागला होता. त्याच्याभोवती तू तुझ्या लॅबमधला कागदी पट्टीचा तुकडा चिकटवला आहेस आणि त्याच्यावर बारीक अक्षरात 'तेल' लिहिलं आहेस. खरं लेबल.

 मग दार उघडं टाकून आत गेलो आणि आपली वही शोधून आणली. शेवटच्या पानावर माझ्या अक्षरात आहे: फाटक, इंजिन गरम, दिवा नाही. त्याच्यापुढे तू काही लिहिलेलं नाहीस. मी पेन काढलं, पण मग वाटलं की ही आपली पद्धत नव्हे. बघणारा सांगतो, दुसरा लिहितो. आज बघणारा मी आहे.

अंबरनाथ, घरासमोर. इंजिन थंड. दोन्ही दिवे लागले आहेत, ताई. मी बघतो आहे. नजर काढून घेतलेली नाही. उद्या चार वाजता पुन्हा बसेन, आणि परवाही.

लिहून घे.